बहात्तर तासांचा कागद

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो की घरातून पहिली सूचना येते ती अशी, "यंदा तरी काही गोड लिहा." गेल्या दिवाळीत ह्या सदरात आम्ही करंजीच्या कडेविषयी लिहिले होते, ते घरी पसंत पडले होते. यंदा विषय दवाखान्याचा, आणि तोही दवाखान्याच्या कायद्याचा, असे कळल्यावर सौभाग्यवतींनी आमच्या हातातली लेखणी काढून घेऊन चकलीचा सोऱ्या दिला. "सणासुदीला कोण वाचणार असलं?" हा त्यांचा प्रश्न.

वाचकहो, प्रश्न रास्त आहे. परंतु दवाखाना काही सण बघून येत नाही. शिवाय जी गोष्ट सांगावयाची आहे ती आमच्याच जिन्यात घडली आहे, आणि ती सांगितल्यावाचून यंदाचा फराळ आम्हाला गोड लागणार नाही. म्हणून चार चकल्या वाकड्या पाडून आम्ही पुन्हा टेबलाशी आलो.

आमचा वाडा पाडून त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, त्याला आता बरीच वर्षे झाली. लिफ्ट आली आणि ओटा गेला. परंतु ओट्यावर बसणारी माणसे जाणार कोठे? ती तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या दाराबाहेर, बाकावर बसू लागली. मास्तर जुन्या वळणाचे. पोचपावतीवर त्यांचा विश्वास देवाच्या खालोखाल. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, त्याचे सुतक ते अजून पाळतात. त्यांना एक नाद आहे. कोणी क्रिकेटची कात्रणे जमवतो, कोणी पाककृतींची; मास्तरांच्या जाड वहीत कात्रणे असतात ती दवाखान्यांसंबंधीच्या खटल्यांची आणि नियमांची. "एकदा गरज लागली तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं," एवढेच कारण ते सांगतात. पुढचे आम्ही कोणी विचारीत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान गेले. पहाटे तीनच्या सुमारास छातीत कळ आली. वहिनींनी ओवा दिला, पाठ शेकली, अजीर्ण असेल म्हणून समजूत घातली. पाच वाजता रिक्षा करून त्यांना एका मोठ्या इस्पितळात नेले. त्यांना लगबगीने आत घेतले, दार लागले, आणि वहिनींच्या पुढे एक छापील फॉर्म आला. "सही करा." वहिनींनी उभ्या जन्मात बँकेच्या स्लिपवरसुद्धा यजमानांना विचारल्यावाचून सही केली नव्हती. त्या म्हणाल्या, "थोरल्याला येऊ दे." थोरल्याला चिंचवडहून यायला चाळीस मिनिटे लागली. तो आला, सही झाली, आणि पंधरा मिनिटांनी डॉक्टर बाहेर येऊन मान खाली घालून उभे राहिले.

तेराव्याला आलेल्या एका नातेवाइकाने भाताचा घास घेता घेता उद्गार काढला, "सही वेळेवर झाली असती तर..." वाक्य त्याने पुरे केले नाही. पुरे करण्याची गरजही नव्हती. त्या दिवसापासून वहिनी बोलेनाशा झाल्या. भाजीला निघाल्या तर अर्ध्या जिन्यातून परत फिरत. थोरल्याचे डोके दुसऱ्या दिशेने फिरले होते. त्याच्या मते इस्पितळवाल्यांनी सहीची वाट बघत वडिलांना तसेच ठेवले होते. दोन-चार मित्र घेऊन तेथे जाण्याची भाषा तो करू लागला.

एकीला वाटे, आपण मारले. दुसऱ्याला वाटे, त्यांनी मारले. त्या बंद दाराआड प्रत्यक्षात काय घडले, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते.

मास्तरांनी थोरल्याला बाकावर बसवले. म्हणाले, "काचा फोडायच्या आधी केसपेपर माग."

"मागितले, काका. खिडकीवरचा म्हणतो, ते इस्पितळाचे असतात, बाहेर देत नाही. वकिलाचं पत्र आणा म्हणतो."

मास्तरांनी वही उघडली. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे विनियम २००२ सालचे आहेत. त्यांत स्वच्छ म्हटले आहे की, इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावयाची, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितली की ती बहात्तर तासांच्या आत द्यावयाची. वकील लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. नकलांचा खर्च तेवढा आपला. आमच्या मुंबईच्या उच्च न्यायालयाने तर त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकातच, गुप्ततेच्या नावाखाली रुग्णाचे कागद रुग्णापासून लपवता येणार नाहीत असे बजावले होते.

मास्तरांनी स्वतः अर्ज लिहून दिला. चार ओळींचा. रुग्णाचे नाव, दाखल केल्याची तारीख, नात्याचा उल्लेख, आणि "सर्व कागदपत्रांच्या नकला नियमाप्रमाणे बहात्तर तासांत मिळाव्यात, ही विनंती." खाली वारस म्हणून वहिनींची सही हवी होती. त्यांनी ती केली, पण पेन हातात धरून किती वेळ बसल्या होत्या ते आम्ही पाहिले आहे. "दोन प्रती ने," मास्तर थोरल्याला म्हणाले, "आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस." शिक्का मिळाला. बहात्तर तास सुरू झाले.

त्या तीन दिवसांत आमच्या बाकावर जी शाळा भरली, तिची हकिगत सांगण्यासारखी आहे.

पहिल्या संध्याकाळी थोरल्याचा राग अजून उतरला नव्हता. "ह्या लोकांना कोणी विचारणारच नाही का?" असे त्याने विचारले, तेव्हा मास्तरांनी वहीचे पहिलेच पान काढले. १९५३ सालची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. टॅक्सीत घालून, सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून, त्याला पुण्याला एका शल्यविशारदांकडे आणले. त्याच रात्री तो दगावला. आईवडिलांनी दावा लावला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला, त्या धक्क्याने मुलगा गेला, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांना ते मान्य नव्हते. खालचे न्यायालय, उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे आईवडिलांचे म्हणणे मान्य झाले. अखेरचा निकाल लागला १९६८ साली, आणि नुकसानभरपाई ठरली तीन हजार रुपये.

"पंधरा वर्षांनी तीन हजार?" थोरला ओरडलाच.

"पैशाकडे बघू नकोस," मास्तर म्हणाले. "त्या निकालात काय लिहिलंय ते बघ. डॉक्टरावर तीन कर्तव्यं आहेत. हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही, हे काळजीने ठरवणं. कोणता उपचार करावा, हे काळजीने ठरवणं. आणि तो उपचार काळजीने करणं. कौशल्य किती हवं? सर्वांत वरच्या दर्जाचं नको, अगदी खालच्या दर्जाचंही चालणार नाही. वाजवी हवं. आज देशात कुठेही हा वाद निघाला की ह्या निकालाचा दाखला निघतो. त्या आईबापांनी मुलगा गमावला आणि साऱ्यांना मोजपट्टी दिली."

परंतु मोजपट्टी दोन्ही बाजूंनी लागते, हेही मास्तरांनी त्याच बैठकीत सांगितले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टरला गुन्हेगार म्हणून पकडता येणार नाही. त्यासाठी घोर हलगर्जी दिसली पाहिजे, आणि तिच्याविषयी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे निःपक्ष मत घेतले पाहिजे. आणि काचा फोडण्याविषयी म्हणाल, तर महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा करून ठेवला आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, जामीन मिळणे कठीण, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. थोरल्याने मित्रांना फोन करून उद्याचा बेत रहित केल्याचे कळवले, ते आम्ही ऐकले.

दुसऱ्या संध्याकाळी बाकावर गर्दी होती. जिना झाडणाऱ्या मावशीही केरसुणी टेकवून उभ्या होत्या. विषय निघाला सहीचा. २००८ सालचा एक निकाल मास्तरांनी वाचला. एका महिलेला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशयच काढून टाकले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, सज्ञान माणसाच्या देहाविषयी संमती त्याची स्वतःची हवी. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. अपवाद एकच. तिथल्या तिथे केले नाही तर जीवच जाईल अशी वेळ आली, तर डॉक्टरने संमतीसाठी थांबू नये. जुन्या दंडसंहितेपासून हेच तत्त्व चालत आले आहे.

हे वाचीत असताना जिन्यात पाऊल वाजले. वहिनी अर्ध्या जिन्यात उभ्या होत्या. मास्तरांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने वाचले.

आम्ही मध्येच विचारले, "मास्तर, हे कायदे होतात तरी कसे? आमदार-खासदार बसून करतात म्हणावं, तर तुमच्या वहीत निम्मे निकाल न्यायालयांचे."

"त्यातले कित्येक तुमच्याआमच्यासारख्या वाचणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी घडवले आहेत," असे म्हणून त्यांनी कटारांची गोष्ट सांगितली. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या इस्पितळात नेले तर ते म्हणाले, ही पोलीसकेस, आम्हाला अधिकार नाही, वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्या. वाटेत तो गेला. वर्तमानपत्रात बातमी आली, आणि कायदा जखमीला मरायला मदत करतो अशा अर्थाचा मथळा तिला दिला होता. ती आपण सगळ्यांनी वाचली असती, हळहळलो असतो आणि पान उलटले असते. परमानंद कटारा नावाच्या कार्यकर्त्याने ते कात्रण अर्जाला जोडून सर्वोच्च न्यायालयात दाखल केले. १९८९ साली निकाल लागला की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे कागद मागाहून.

बंगालात शेतमजुरांच्या संघटनेने असेच केले. त्यांचा एक माणूस १९९२ साली रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगी ठिकाणी सतरा हजार रुपये भरून तो जगला. मजुरांची संघटना दिल्लीपर्यंत भांडली, आणि १९९६ साली न्यायालयाने पंचवीस हजारांची भरपाई तर दिलीच. पण वेळेवर उपचार न देणे हा राज्यघटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, असेही सांगितले.

आपल्याकडेही अशी माणसे आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालापासून लोकांना हक्क समजावून सांगत आहे. डॉक्टरांपैकीच काहींनी १९९३ साली मुंबईतून वैद्यकीय नीतीला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक सुरू केले. आपल्याच धंद्यातले दोष आपणच छापून काढणे, ह्याला छाती लागते. १९८६ चा ग्राहक कायदा डॉक्टरांना लागू आहे, हे १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले तेव्हा वैद्यकीय जगात मोठी खळबळ उडाली होती. गंमत अशी की, २०२४ साली त्याच न्यायालयाने वकिलांना मात्र त्या कायद्यातून वगळले. मास्तरांनी हे कात्रण वहीत उलटे चिकटवले आहे. ग्राहक आयोगापुढे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे मात्र त्यांनी तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे.

"मास्तर," मावशींनी मध्येच विचारले, "हे सगळं बिल भरणाऱ्यांचं झालं. आम्हाला तर दारातच डिपॉझिट मागतात."

मास्तरांनी त्यांना बाकावर बसायला सांगितले आणि मगच उत्तर दिले. जी मोठी इस्पितळे धर्मादाय विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहेत, त्यांनी शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली आहे. त्यासाठी एकूण बिलांतले दोन टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. तातडीच्या वेळी निर्धन माणसाकडून अनामत न मागता आधी दाखल करून घ्यावयाचे, असेही तिच्यात आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका घरात तयार ठेवावी. दारात विचारावयाचे ते एवढेच : "हे धर्मादाय इस्पितळ आहे ना? त्या खाटांची चौकशी कोणाकडे करू?"

"हे कुठं लिहिलेलं असतं?"

"भिंतीवर असायला हवं. २०२१ च्या नियमांनी खासगी इस्पितळांना रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय. पुढच्या खेपेस गेलात तर भिंत बघा. दिसली नाही तर विचारा."

मावशींनी पदराच्या टोकाला एक गाठ मारली. विसरू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मुदत संपायला दोन तास उरले असताना, नकला मिळाल्या. तीस-बत्तीस पाने. संध्याकाळी ती बाकावर मांडली; परंतु वाचणार कोण? डॉक्टरांच्या अक्षराविषयी आम्ही ह्या सदरात पूर्वी लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, नुकतीच डॉक्टर झालेली, एका सरकारी इस्पितळात रात्रपाळ्या करणारी. तिला बोलावले. ती आली ती जरा बिचकतच.

"मी वाचते, काका. पण आधीच सांगते, कोणाची चूक ठरवायला मी आलेली नाही."

"ठरवू नकोस, बाळ," मास्तर म्हणाले. "वाच."

वहिनी त्या दिवशी पायऱ्या उतरून पूर्ण खाली आल्या होत्या. मुलीने एकेक ओळ मराठीत सांगितली. पाच दहाला आणले. पाच चौदाला हृदयाचा आलेख काढला. पाच सोळाला औषध सुरू. पाच अठ्ठावीसला हृदय बंद पडले. विजेचा झटका दिला, आठ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. पाच चव्वेचाळीसला दुसऱ्यांदा बंद. त्यानंतर छाती दाबणे चालू, थेट सहा पाचपर्यंत. मध्ये एक ओळ होती, ती तिने दोनदा वाचली : "नातेवाइकांच्या संमतीची प्रतीक्षा. तातडीचे उपचार सुरू ठेवले आहेत. रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही."

"म्हणजे?" वहिनींनी विचारले. कित्येक आठवड्यांत आम्ही ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द.

"म्हणजे काकू, ती सही पुढच्या प्रक्रियेसाठी होती, रक्तवाहिनी मोकळी करायची. त्या प्रक्रियेला नेण्याइतके काका स्थिर झालेच नाहीत. तुम्ही पाच दहाला सही केली असती तरी त्यांना टेबलावर नेता आलं नसतं. सहीसाठी कोणी थांबलेलं नाही."

थोरला म्हणाला, "हे त्यांनीच लिहिलेलं. त्यांच्या सोयीचं असणार."

मुलीला राग आला नाही. तिने आलेखाची पट्टी पुढे केली. तिच्यावरची वेळ यंत्राने छापलेली होती. मग औषधांच्या बिलावरची वेळ दाखवली, मग नर्सच्या वेगळ्या अक्षरातली नोंद. तिन्ही जुळत होत्या. "म्हणूनच कागद लवकर मागावा," ती म्हणाली. "आणि दादा, एक सांगू? रात्री कोणी दगावलं की आम्ही बाहेर यायला घाबरतो. तुम्ही बाहेर किती जण आहात ते आधी दारातून बघतो. असं आमच्याशी कोणी बसून वाचलं तर आम्हाला तरी दुसरं काय हवंय?"

थोरल्याने ती पट्टी बराच वेळ हातात धरली. तिच्यावर त्याच्या वडिलांच्या शेवटच्या तासातल्या हृदयाची रेघ होती.

परंतु कागद अर्धवट बोलत नाही. पहिल्या पानाच्या वरच्या ओळीत लिहिले होते, "छातीत वेदना, दोन तासांपासून." मुलगी ती ओळ गाळणार होती. वहिनींनीच तिच्यावर बोट ठेवले. इंग्रजी त्यांना बेताचे येते, पण आकडा वाचता येतो.

"हे दोन तास माझे," त्या म्हणाल्या. "ओवा मी दिला." जराशाने म्हणाल्या, "पण ती चाळीस मिनिटं माझी नव्हती."

कोणी काही बोलले नाही. खोटी समजूत घालण्याची आपल्याकडे फार हौस. पण त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाही ती घालावीशी वाटली नाही. जेवढे आपले तेवढे उचलायला माणसाचे खांदे पुरतात. न केलेल्या गोष्टीचे ओझे मात्र त्याला वाकवते. बहात्तर तासांच्या त्या नियमाने वहिनींना ना पैसा मिळवून दिला, ना कोणाला शिक्षा. त्याने दोन ओझी वेगळी करून दिली. एक त्यांनी उचलले, दुसरे त्या बाकावर ठेवून जिना चढून गेल्या. छातीत कळ आली की ओवा नको, रिक्षा करा, हे आता त्या स्वतः जिन्यातल्या बायकांना सांगतात.

हा नियम लिहिणाऱ्यांनी असा काही विचार केला असेल, असे आम्हाला वाटत नाही. पण कायदा पुस्तकात असतो तोवर तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. कोणी तरी तो कात्रून ठेवावा लागतो, कोणी तरी मोठ्याने वाचावा लागतो, आणि कोणी तरी खिडकीवर जाऊन शिक्का मागावा लागतो. आमच्या बाकावर हे सारे जमले, म्हणून त्या इस्पितळाच्या काचा शाबूत राहिल्या आणि आमच्या वहिनी जिना उतरून खाली आल्या.

यंदा वहिनींच्या घरी दुखवट्याची दिवाळी. तळण नाही; फराळ आम्हा शेजाऱ्यांकडून जायचा. आमच्या वाकड्या चकल्याही त्या डब्यात आहेत. परवा आकाशकंदिलाच्या वर्गणीची वही घेऊन मुले तिसऱ्या मजल्यावर गेली. थोरला घरी नव्हता. मुले म्हणाली, "दादा आले की येतो, काकू." वहिनींनी वही हातात घेतली, रक्कम लिहिली आणि पुढे सही केली.

ती वही मुलांनी मास्तरांना दाखवली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि मुलांना विचारले, "पावती दिलीत का रे त्यांना?"

आमच्या सर्व वाचकांना ही दिवाळी आरोग्याची जावो.